‘परिसर’चा तास गणिताला दिला तर काय बिघडलं?

पत्राचा सारांश

कोल्हापूर शहरातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा चौथीत, सेमी इंग्रजीला. त्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या सदस्य आहेत. पुढच्या बैठकीत असा विषय येणार आहे, की परिसर अभ्यासाचे (इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र ज्यात येतं तो विषय) निम्मे तास काढून ते स्कॉलरशिप आणि नवोदय या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला द्यायचे. ‘परिसरचं पुस्तक काय, मुलं घरी वाचतील, चाचणीआधी आम्ही प्रश्नोत्तरं लिहून देऊ,’ असं वर्गशिक्षिका म्हणतात. बहुतेक पालकांना हे पसंत आहे. पत्रलेखिकेचे मिस्टर शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. पोराला पुढं इंजिनीअर करायचंय, त्याला सनावळ्या घेऊन काय करायचंय, असं त्यांचं मत. सासरे रोज रात्री नातवाला पन्हाळ्याच्या, पावनखिंडीच्या गोष्टी सांगतात, तेवढा इतिहास बास झाला, असंही घरात बोललं जातं. खुद्द या आईला शाळेत हा विषय कधी आवडला नव्हता. तरी ठराव खटकतोय, आणि का खटकतोय ते सांगता येत नाही. गेल्या महिन्यात मुलगा शाळेच्या रिक्षातून उतरला आणि म्हणाला, ‘आई, आपण कोण? रिक्षात पोरं विचारत होती.’ त्यांनी ‘असलं काही विचारायचं नसतं’ म्हणून विषय मिटवला. शेवटी त्या लिहितात: ‘एवढ्याएवढ्या पोरांना हा विषय खरंच लागतो का? आणि लागत असेल तर बैठकीत मी एकटीनं काय बोलू?’

उत्तर

नमस्कार.

आधी तुमच्या मिस्टरांची बाजू घेते, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मूल नवोदयला लागलं तर सहावी ते बारावी शिक्षण, राहणं, जेवण जवळजवळ फुकट होतं. हातावर पोट असलेल्या घराला याची किंमत विचारून बघा. आणि या परीक्षांत इतिहास-भूगोल नाही, हेही खरं. स्कॉलरशिपला भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. नवोदयला बुद्धिमत्ता, अंकगणित आणि भाषा. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान ८०० तास सांगितलेत. त्यातून स्नेहसंमेलन, चाचण्या, शिक्षकांची निवडणुकीची कामं वजा करा. मग वेळ कुठून काढायचा म्हटलं की हात आपसूक परिसरकडं जातो. तुमच्या वर्गशिक्षिकेनं काही पाप केलेलं नाही.

पण भाषेच्या पेपरात उतारा असतो, तो जरा बघा. ‘पाणलोट क्षेत्रात जोरदार पाऊस झाल्याने नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला.’ हे वाक्य तिसरीतलं मूलही अडखळत का होईना वाचेल. पाणलोट क्षेत्र म्हणजे काय, इशारा देतं कोण, नदीकाठच्यांनाच का, हे ज्याला माहीत नाही तो खालच्या चार पर्यायांत अडकतो. त्याला आणखी दहा उतारे सोडवायला दिले तरी ती अडचण जागची हलत नाही.

यावर अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेत १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा तो उतारा चांगला समजून गेली. बेसबॉलच्या जागी कुस्ती घाला, म्हणजे आपल्याकडं लगेच पटेल. तालमीत जाणाऱ्या पोराला खासबागेतल्या कुस्तीचं वर्णन वाचायला द्या आणि मजा बघा. फोर्डहॅम इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेनं २०२० मध्ये तिथल्याच प्राथमिक शाळांतली माहिती तपासली. सामाजिक शास्त्रांना रोज अर्धा तास जास्त मिळालेली मुलं पाचवीपर्यंत वाचनात पुढं गेलेली दिसली. भाषेच्या तासाला जादा वेळ देऊन तसा फरक दिसला नाही. घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांना तर फायदा जास्त. अभ्यास तिकडचा आहे, आणि दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळं दुसरी झाली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी सेमी इंग्रजीतल्या पोरांच्या पालकांनी थांबून विचार करावा एवढं त्यात नक्की आहे.

हे सगळं तुम्हाला बैठकीत उपयोगी पडेल म्हणून आधी सांगितलं. वाचन सुधारतं म्हणून परिसर शिकवा, हे काही माझं मुख्य म्हणणं नाही.

तुमच्या पत्रातली मुख्य गोष्ट रिक्षात घडली आहे. सात-आठ पोरं, मांडीवर दप्तरं, आणि शाळा येईपर्यंतचा वेळ. तिथं रोज सामाजिक शास्त्राचा तास भरतो. कोण कुठल्या गल्लीतलं, कुणाचे बाबा कुठल्या तालमीचे, कुणाच्या डब्यात काय असतं आणि काय नसतं, कुणाच्या दारात कुठला झेंडा, कुणाच्या भिंतीवर कुणाचा फोटो. शाळेनं आपला तास बंद केला तरी हा तास बंद होत नाही. तिथं शिकवायला कोण आहे तेवढं बघा: पुढच्या सीटवरचा सातवीतला दादा, आणि त्या दादाला शिकवणारा मोबाइल.

२०२३ च्या जूनमध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून आपल्या गावात काय झालं ते तुम्ही पाहिलंय. दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. शाहूनगरी म्हणून मिरवणाऱ्या गावात. रस्त्यावर उतरलेल्यांना इतिहासातल्या गोष्टी ठाऊक नव्हत्या असं मला वाटत नाही. गोष्टी भरपूर ठाऊक होत्या. ‘हे तुला कुणी सांगितलं? त्याला कसं कळलं?’ एवढं विचारायची सवय नव्हती. ही सवय दहावीत पुस्तकातून लागत नाही. चौथीतलं पोर दिवसभर ‘कशावरून?’ म्हणून डोकं खात असतं, ती सवय त्याच वयात लावायची असते.

म्हणूनच सासऱ्यांच्या गोष्टी बंद करू नका, त्यात फक्त एक प्रश्न घाला. शिवा काशीद शिवाजी महाराजांच्या वेशात पालखीत बसला, इथंपर्यंत गोष्ट आली की नातवानं विचारायचं, ‘आजोबा, हे आपल्याला कसं कळलं?’ आजोबा म्हणतील पोवाड्यातून, बखरीतून, माझ्या वडिलांकडून. भले. मग त्यांनीच सांगावं, की त्या काळातली काही पत्रं आज शिल्लक आहेत आणि बखरी बऱ्याचशा नंतर लिहिलेल्या आहेत. चौथीतल्याला हा फरक जड जाईल असं समजू नका. मधल्या सुट्टीतलं भांडण कुणी सुरू केलं ते ठरवताना पोरं हाच निवाडा करतात: तू तिथं होतास, का तुला कुणीतरी सांगितलं? आणि काळजी करू नका, या प्रश्नानं शिवा काशीद लहान होत नाही.

आता ‘आई, आपण कोण?’ तुम्ही गडबडलात, ते मी समजू शकते. पण ‘असलं विचारायचं नसतं’ यातूनही मूल काहीतरी शिकलंच. यात काहीतरी लपवण्यासारखं आहे, आणि ते आईला विचारायचं नाही, रिक्षात विचारायचं. पुन्हा विषय निघाला तर सरळ उत्तर द्या. आपली जात सांगा, ती आपण मागून घेतलेली नाही हे सांगा, आणि रिक्षातली मुलं विचारतात कारण त्यांच्या घरी कुणीतरी विचारतं, हेही सांगा. पुढचं शिकवायला तर आपल्याला गाव सोडायची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी त्याला दसरा चौकात घेऊन जा. शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून आजूबाजूच्या पाट्या त्यालाच वाचू द्या. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. १९०१ पासून महाराजांनी एकेका समाजाच्या मुलांसाठी अशी वसतिगृहं उभी राहायला जागा दिल्या, पैसा दिला. १९०२ मध्ये मागासलेल्यांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड लावला.

एखादं चौकस पोर यावर हमखास विचारेल: महाराजांना जात मोडायची होती, तर मग बोर्डिंग जातवार का?

प्रश्न बोचरा आहे आणि अगदी बरोबर आहे. लगेच उत्तर देऊ नका. त्यालाच विचारा, की त्या काळात खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला शहरात खोली कोण देत असेल? कुणाच्या पंक्तीला बसवून घेत असतील? मग गंगाराम कांबळेंच्या चहाच्या हॉटेलाची गोष्ट सांगा. वरच्या जातीच्या पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या माणसाला महाराजांनी हॉटेल घालायला लावलं, आणि राजा स्वतः तिथं चहा प्यायला थांबू लागला. एकाच माणसानं वेगळी बोर्डिंगंही काढली आणि एका कपबशीतून भेद मोडायलाही बघितला. हे दोन्ही डोक्यात एकत्र ठेवायला मोठ्यांना जड जातं. लहान मुलं आपण समजतो त्यापेक्षा सहज ठेवतात.

तुम्हाला हा विषय आवडला नव्हता, तर त्यात तुमचा दोष नाही. ‘कारणे द्या’, ‘गाळलेल्या जागा भरा’, आणि फळ्यावरची उत्तरं मुकाट उतरवून घ्यायची, हे कुणाला आवडणार? म्हणून मला तुमच्या शाळेबद्दल एक शंका आहे. आत्ता परिसरच्या तासाला नेमकं काय होतं? तिथंही वर्गशिक्षिका उत्तरं लिहून देत असतील तर तो तास राहिला काय आणि गेला काय. बैठकीत तास वाचवून याल आणि आत तेच चालू राहील. आणखीही एक मान्य करते: हा विषय वाईट शिकवला तर न शिकवण्यापेक्षा जास्त नुकसान करतो. रिक्षातला दादा जे बोलतो तेच फळ्यासमोर उभं राहून बोललं गेलं, तर त्याला शाळेचा शिक्का मिळतो. तेव्हा मागायचं असेल तर नुसता तास मागू नका.

बरं शिकवणं म्हणजे काय, ते सांगते. यात पैशाचा खर्च नाही, म्हणून इतर गावच्या वाचकांनीही करून बघावं.

सुतळीचा गुंडा घ्या. एक वीत म्हणजे दहा वर्षं. सुतळीचं एक टोक आजचं. चौथीतलं पोर पहिल्या वितीच्या आतच जन्मतं. आई साडेतीन-चार वितींवर, आजी सातच्या आसपास. तिथं कपड्याचे चिमटे लावायचे. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तो चिमटा आजीच्या जेमतेम पलीकडं येतो. म्हणजे पणजी राजाच्या राज्यात राहत होती! १९१७ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अकराव्या वितीच्या आसपास. १६७४ चा राज्याभिषेक पस्तिसाव्या वितीला, तोवर व्हरांडा संपत येतो. आणि टाउन हॉलच्या संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची लहानशी मूर्ती आहे, आपल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. ती कुठं लावायची? दोनशे विती. पोरं सुतळी घेऊन मैदान ओलांडून पळतात. पंचगंगेच्या काठी समुद्राचा देव आला कुठून, हे विचारायला मग कुणी सांगावं लागत नाही. ‘पूर्वीच्या काळी’ या दोन शब्दांत आजी, शाहू महाराज आणि सातवाहन सगळे एकाच पोत्यात कोंबले जातात, ते सुटे होतात. सनावळ्या पाठ करून हे होत नाही.

दुसरं, पाणी. कोल्हापूरच्या पोरांना यापेक्षा जवळचा विषय नाही. जुलै लागला की वर्गाच्या फळ्यावर एका कोपऱ्यात रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लिहायची. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काल ३४ फूट ११ इंच, आज ३७ फूट ४ इंच, किती वाढली? ही वजाबाकी आहे, आणि इथं चारातून अकरा जात नाहीत तेव्हा फुटाकडून उसने दहा मिळत नाहीत, बारा मिळतात. आठवड्याचा आलेख काढायचा. गणिताच्या तासाला कुणाची तक्रार येणार नाही, उलट स्कॉलरशिपचीच तयारी झाली.

गणित संपलं की भूगोल सुरू होतो. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं, तिथं पंचगंगा होते, आणि ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगत राहतं. हे परातीत दोन नळ्या लावूनही दाखवता येतं. मग घरोघरी होणारी ती चर्चा: ‘पाणी कुणी सोडलं?’ राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, तिथं कुणी साहेब बटण दाबत नाही. खाली कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचे दरवाजे मात्र माणसं ठरवून उघडतात, आणि ती माणसं दुसऱ्या राज्यातली आहेत, म्हणून दोन राज्यांना एकमेकांशी बोलावं लागतं. एवढं ज्या पोराला कळलं, त्याला व्हॉट्सॲपवर आलेली धरणाची अफवा कितीही मोठ्या अक्षरात असली तरी थोपवता येते. नागरिकशास्त्र यापेक्षा वेगळं काय असतं?

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट अजून राहिलीय. राजारामपुरीतल्या पोराला पूर म्हणजे सुट्टी. सुतारवाड्यातल्या पोराला पूर म्हणजे गाद्या, भांडी बांधून चित्रदुर्ग मठात मुक्काम. चिखली-आंबेवाडीच्या पोराला पूर म्हणजे जनावरं घेऊन सोनतळी. ही पोरं एका बाकावर बसत असतील. एकानं ‘मज्जा आली, सुट्टी होती’ म्हणायचं आणि शेजारच्यानं खाली मान घालायची, हे वर्षानुवर्षं होतं. वर्गात एकदा नीट विचारलं, ‘पुरात तुमच्या घरी काय झालं ते सांगा,’ की पहिल्याला दुसरा दिसतो. पुस्तकात हा धडा नाही. बाईंनी पंधरा मिनिटं द्यावी लागतात.

म्हणूनच ‘मुलं घरी वाचतील’ हे मला पटत नाही. सुतळी तुम्ही घरी लावाल, दसरा चौकात तुम्ही न्याल. तुमच्याकडं ती जाण आहे, पत्र लिहिण्याइतकी तळमळ आहे. पण रिक्षातल्या बाकीच्या सहा-सात जणांचं काय? गणित एकट्याला शिकवता येतं. वेगवेगळ्या घरांतली पोरं एकत्र कशी राहतात, हा विषय एका पोराला घरात बसवून शिकवता येत नाही. त्याला बाकीची पोरं समोर लागतात. ती शाळेतच असतात.

तुमच्या मिस्टरांसाठी एक काम सुचवते, रागावणार नाहीत अशा बेतानं सांगा. मुलाला वही-पेन्सिल देऊन त्यांची मुलाखत घ्यायला लावा. फाउंड्रीत कच्चं लोखंड कुठून येतं? साच्याची वाळू कुठून येते? भट्टीवर काम करणारे काका कुठल्या गावचे, ते इतक्या लांब का आले, दिवाळीला घरी जातात का? कास्टिंग कुठं जातं? परदेशात ऑर्डर थांबली की शिफ्ट का कमी होते? सुपरवायझरचं निम्मं डोकं या गोष्टींतच जातं. पोराला इंजिनीअर करायचं असेल तर धातूइतकंच हेही लागणार आहे, आणि ते शिकवणारा उत्तम माणूस तुमच्या घरातच आहे. दोघांना जमलं तर त्यांनी एक दिवस वर्गात येऊन सांगावं. इचलकरंजीच्या वाचकांनी यंत्रमाग धरावा, सोलापूरकरांनी चादर. गुऱ्हाळ असलेल्या गावाला तर विचारायलाच नको.

आता बैठक. गप्प बसून घरच्या घरी करायचं, हा एक रस्ता. तो का अपुरा आहे ते वर सांगितलं. उभं राहून ठरावाला सरळ विरोध करायचा, हा दुसरा. त्यात तुम्ही एकट्या पडाल, आणि स्कॉलरशिपवर आशा लावून बसलेल्या आईबापांना तुम्ही त्यांच्या पोरांच्या आड येताय असं वाटेल. ते वाटणं चुकीचंही म्हणता येणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर बैठकीच्या आधी वर्गशिक्षिकेला एकटं गाठलं असतं. चारचौघांत प्रश्न आला की माणूस बचावाला उभा राहतो. त्यांना विचारा, की परिसर शिकवताना नेमकी अडचण काय येते. बहुधा पोर्शन, वेळ आणि सामान, या तीन गोष्टी निघतील. मग हातात काहीतरी घेऊन जा: महिन्यातून एकदा एक पालक वर्गात येईल, नर्स, केएमटी बसचे कंडक्टर, गुऱ्हाळवाले, कोण मिळेल ते, त्यांना आणण्याची, वेळ ठरवण्याची जबाबदारी तुमची. टाउन हॉलची सहल ठरवायची तर बरोबर दोन पालक येतील. सुतळी आणि चिमटे तर आजच देऊन टाका.

बैठकीत ‘तास काढू नका’ने सुरुवात करू नका. ‘स्कॉलरशिपची तयारी व्हायलाच हवी,’ असं म्हणूनच सुरुवात करा. मग म्हणा, की परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी शाळेआधी किंवा शनिवारी जादा तास घेऊ, पालक पाळीपाळीनं थांबतील. वर्गातली सगळी मुलं काही परीक्षेला बसत नाहीत, मग सगळ्यांचा तास कशाला घ्यायचा? उताऱ्याचं उदाहरण द्या, बंधाऱ्याच्या वजाबाकीचं द्या. रिक्षातला प्रसंग मात्र सांगू नका. तो तुमच्या पोराचा आहे, आणि बैठकीत रिक्षातल्या दुसऱ्या कुणाची तरी आई बसलेली असेल.

एवढं करूनही ठराव मंजूर झाला तर अकांडतांडव नको. निम्म्याऐवजी एकच तास जावा, आणि उरलेल्या तासांत सत्रातून निदान दोन धडे प्रश्नोत्तरं न उतरवता, करून बघून शिकवावेत, एवढं मागा. हे इतिवृत्तात लिहून घ्या, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर फेरविचार करायचा हेही त्यातच, तारखेसकट. तोंडी ठरलेलं गॅदरिंगच्या गडबडीत कुणाला आठवत नाही.